उभ्यानं लिहिलेली पत्रं

६ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुझी मुलगी आज नऊ दिवसांची झाली आणि मी अजून तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. बाळंतपणाला येते, येते म्हणून सहा महिने तुला सांगत राहिले आणि ऐन वेळी हे प्रशिक्षण गळ्यात पडलं. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढून निवृत्त झाले, जरा कुठे पाय पसरून बसले होते, तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला. "सिस्टर, आपल्या नर्सना शिकवा. आई बाळाला अंगावर पाजते तेव्हा तिला मदत कशी करायची, एवढंच. दहा आठवडे." मी हो म्हणून बसले. नाही म्हणायला कधी शिकणार कोण जाणे.

अकरा जणी आहेत. मी मोज्यात कापूस भरून एक स्तन शिवलाय आणि एक बाहुली घेतलीय. बाहुलीला अकराही जणी झकास पाजतात. बाहुली रडत नाही, मान फिरवत नाही, झोपून जात नाही. वॉर्डात गेलं की याच बायका दारात उभ्या राहून विचारतात, "काय, पितंय ना बाळ?" ती बिचारी टाके पडलेली, डोळ्यांत झोप, अंगावर चादर सारखी करत म्हणते, हो. झालं. सिस्टर पुढच्या खाटेकडे.

माझा नियम एकच आहे. आधी बसा. आईच्या खाटेपेक्षा खाली बसा, हात स्वतःच्या मांडीवर ठेवा आणि एक अख्खं पाजणं पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत बघा. बोलायचं ते नंतर. हे सांगितलं तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मी त्यांची किडनीच मागितली.

आता तुझं. हे नीट वाच आणि कागद भिंतीला चिकटव. बाळाचं पोट आपल्या पोटाला लागलं पाहिजे. तिला स्तनाकडे आण, स्तन तिच्याकडे नेऊ नकोस. तिने तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. हनुवटी टेकलेली, नाक मोकळं. नाक मोकळं राहिलंच पाहिजे, हे दोनदा लिहितेय. दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. बाटली घरात आणायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

पितेय ना नीट? दुखत नाहीये ना? आपलं ठरलेलं आहे ते लक्षात ठेव, तू हॉस्टेलला गेलीस तेव्हापासूनचं. फोनवर खुशाली, पत्रात खरं.

तुझी
मावशी

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं आणि कागद खरंच भिंतीला चिकटवला. खुर्चीत बसलं की अगदी समोर येतो. सासूबाई म्हणाल्या, ही कोणाची आज्ञा? म्हटलं, आमच्या घरच्या मोठ्या सिस्टरची.

तू न आल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सासूबाई आल्यात, घर बघतात. हे सकाळी साडेसातला जातात ते दिवेलागणीला येतात, पण आल्याबरोबर हात धुऊन आधी तिला घेतात.

ती इतकीशी आहे की हे तिला ठिपका म्हणतात. ठिपकाबाई पितात. सारख्याच पितात म्हण ना. मांडीवरून खाली ठेवायची सोय नाही. मग पिता पिता झोपतात. रडणं फारसं नाहीच, शेजारच्या बाई म्हणाल्या, काय गुणाचं लेकरू आहे. लंगोट आठ होतात. दवाखान्यातून सोडताना कार्डावर "स्तनपान समाधानकारक" असंही आलंय, म्हणजे काळजीचं काही नाही.

थोडं दुखतं, पण ते सगळ्यांनाच दुखत असेल.

तुझ्या अकरा जणींचं लिही. वाचताना करमणूक होते. तू चिडलीस की तुझं अक्षर उजवीकडे झुकतं, माहितीये का तुला?

तुझी
भुंगा

१७ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र वाचून जिवात जीव आला. आठ लंगोट म्हणजे पोट भरतंय. कार्डावर समाधानकारक आहे म्हणजे तिथे कुणीतरी नीट बघितलं असणार. सगळीकडेच काही आमच्यासारखा सावळा गोंधळ नसतो.

आता आमचा गोंधळ ऐक. परवा वॉर्डातले केसपेपर चाळत होते. प्रत्येक पानावर "स्तनपान समाधानकारक", सगळं एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईत. मला वाटलं एकीनेच लिहिलंय. नीट बघितलं तर शिक्का. भुंग्या, यांनी रबरी शिक्का करून घेतलाय. रोज बावीस बायकांचं तेच ते कोण लिहीत बसणार, म्हणून वर्गणी काढून शिक्का. सकाळी सहाला एक जण टेबलाशी उभी राहते आणि धाडधाड बावीस पानांवर उमटवते, त्यातल्या निम्म्या बायका अजून झोपेतून उठलेल्याही नसतात. मी तो शिक्का उचलला आणि पर्समध्ये टाकला. आता माझ्याच पर्सला शाई लागलीय.

एक उंच नर्स आहे, एकोणीस वर्षं नोकरी झालेली. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, बावीस बाळंतिणी आणि ड्युटीवर आम्ही दोघी. एकेकीजवळ अर्धा तास बसायचं तर बाकीचं कोण करणार, तुमची बाहुली?" सगळ्या हसल्या. मला राग आला, पण खोटं काय बोलली ती? मग म्हणते, "आणि बसायचं कशावर?"

खरंच कशावर? वॉर्डात एक स्टूल नाही. मी स्टोअरला पाच स्टुलं मागितली. स्टोअरकीपर म्हणाला, स्टूल नातेवाइकांच्या यादीत आहे, नर्सच्या यादीत नाही. म्हटलं, मग नातेवाइकांची द्या. तर म्हणे, नातेवाइकांना आत सोडत नाहीत म्हणून ती परत पाठवली. मी मेट्रनबाईंकडे गेले. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी एक चांगलं बुटकं स्टूल आहे, त्यावर कुंडी. मी कुंडीकडे बघत राहिले, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, अर्ज करा.

वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहून ठेवलंय. रडणाऱ्या बाळाकडे सगळेच बघतात, न रडणाऱ्याकडे आधी बघा. त्यावर एकजण म्हणाली, मॅडम, गप्प बाळ असलं की ड्युटी बरी जाते.

तुझं तसं नाही म्हणा, तुझे लंगोटच सांगताहेत. दुखतं म्हणतेस ते तोंड पुरेसं उघडत नसेल म्हणून. कागद परत वाच आणि नाकाकडे लक्ष दे. बाकी ठीक आहे ना सगळं?

तुझी
मावशी

२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शिक्क्याचं यांना वाचून दाखवलं. हे हसले. मग त्यांनी कपाटातून आमचं कार्ड काढून उजेडात धरलं आणि परत ठेवलं.

नाकाकडे लक्ष देतेय. सारखी देतेय.

सासूबाई काल बाजारात गेल्या होत्या, येताना बाटली घेऊन आल्या. मी ती माळ्यावर ठेवायला लावली. त्या आज दिवसभर गप्प आहेत. हे दोन दगडांवर पाय ठेवून उभे.

एक विचारायचं होतं, सहजच. तुझ्या वॉर्डात एखाद्या बाईला नाहीच जमलं, म्हणजे सगळं सांगितलंय तसं करूनही, तर तू तिला काय म्हणतेस?

पत्र लहान झालंय. हात मोकळा नसतो.

भुंगा

२७ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

बाटली माळ्यावर टाकलीस ते छान केलंस. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की एकतीस वर्षांत मी हेच बघत आलेय. नातवंडावर माया असते, पण धीर नसतो. पोर जरा कुरकुरलं की बाटली. एकदा बाटली आली की आईचं दूध आटतं आणि मग सगळे आईलाच म्हणतात, हिला दूधच नव्हतं. तू खंबीर राहा.

तू विचारलंस त्याचं उत्तर. नाहीच जमलं असं फार थोड्या बायकांचं होतं. बाकीच्या मनावर घेत नाहीत, किंवा दोन दिवसांत हातपाय गाळतात. मी त्यांना स्पष्ट सांगते, बाई, तुमचं लक्ष नाही. तुझ्यासारख्या मुलीला हे सांगायची वेळ येणार नाही.

इथे माझे मात्र हात टेकले. स्टुलांचा अर्ज परत आला, "प्रयोजन स्पष्ट करावे." मी लिहिलं, "बसण्यासाठी." तोही परत आला. उंच नर्सशी रोज खटका उडतो. काल सगळ्यांच्या देखत विचारते, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी पाजलंय का?" मी म्हटलं, नाही. हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला तुम्ही विचारता का, तुमचं झालंय का म्हणून? उत्तर चोख दिलं, पण घरी येऊन भाजी करपवली. मला लागलं ते. तुला मी वाढवलं, तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, दात घासायला शिकवण्यापासून सगळं केलं. हे एक मात्र माझ्या वाट्याला आलं नाही आणि मी तेच लोकांना शिकवतेय.

जाऊ दे. दीड महिन्याच्या लसीला वजन होईल ते कळव. छान वाढलं असेल ना?

तुझी
मावशी

७ मार्च

भुंग्या,

आठ दिवस झाले, पत्र नाही. फोन केला तर जावईबापू "सगळं ठीक" म्हणाले आणि ठेवला. त्यांचा आवाज मला ठीक वाटला नाही. सासूबाईंशी भांडण झालंय का? तसं असेल तर सांग, मी बोलते त्यांच्याशी.

दोन ओळी टाक.

मावशी

८ मार्च

मावशी,

आज आम्ही दवाखान्यातून घरी आलो. चार दिवस होतो. हे पत्र मी चार वेळा सुरू करून फाडलंय, आता जसं येईल तसं लिहिते.

चार तारखेला ठिपका उठेना. म्हणजे झोपली होती, पण तळव्याला टिचकी मारली तरी नुसते ओठ हलवले. मी म्हटलं, झोपू दे, शांत बाळ आहे. सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, लंगोट बघितला, कोरडा. तिला शालीत गुंडाळलं, चप्पल घातली आणि दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "चल." रिक्षात मी त्यांना काय काय बोलले ते आठवत नाही. तुझं नाव घेऊन बोलले बहुतेक.

जन्माच्या वेळी दोन किलो नऊशे होती. पाच आठवड्यांची झाल्यावर दोन किलो साडेसातशे भरली. डॉक्टरीणबाईंनी वजन दोनदा केलं. मग विचारलं, दिवसाला लंगोट किती ओले होतात? मी म्हटलं, तीन. कधी दोन.

तुला आठ लिहिलं होतं. तू सहा हवेत म्हणून लिहिलं होतंस, म्हणून मी आठ लिहिलं. सहा लिहिलं असतं तर तुला शंका आली असती.

तिला बाटलीनं पाजलं, सासूबाईंनीच पाजलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने घटाघट घोट घेतले आणि मला पहिल्यांदा कळलं की घोटाचा आवाज कसा असतो. माझ्याकडे पिताना तो आवाज कधी आलाच नव्हता. पाच आठवडे मला माहीतच नव्हतं की तो यायला हवा. आता धोका नाही म्हणालेत. बाटली चालू आहे, आणि मी दिवसातून दोनदा तिला जवळ घेते, मग दोघी रडतो.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी आलं. "बाई, तुमचं लक्ष नाही." मावशी, माझं दुसऱ्या कशाकडेही लक्ष नव्हतं. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, पाजायची वेळ आली की मी पदराचं टोक दातात धरायचे. मी तुझ्या कागदाकडे बघत बघत पाजायचे. तू एकतीस वर्षं नर्स, मी तुझी भाची. मला जमत नाही हे मी सांगणार तरी कुणाला होते? तुला? तू प्रत्येक पत्रात उत्तर आधीच लिहून पाठवत होतीस. नीट पितेय ना, ठीक आहे ना, छान वाढलं असेल ना. मी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

रागानं लिहीत नाहीये. रागानंच लिहितेय, खरं सांगायचं तर. तू त्या बायकांना सांगतेस, दारात उभं राहून विचारू नका, आधी बसा. तुझी पत्रं सगळी उभ्यानं लिहिलेली आहेत, मावशी. चप्पलसुद्धा न काढता.

आणि सासूबाईंना तुझा तो नमस्कार मी सांगितलेला नाही.

भुंगा

१२ मार्च

भुंग्या,

पत्र आत्ता मिळालं. तीनदा वाचलं. लगेच फोन केला, सासूबाईंनी उचलला, तू झोपली होतीस. म्हटलं, उठवू नका. मग त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, कशाबद्दल?" त्यांना काहीच माहीत नाही म्हटल्यावर मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रविवारी सकाळी पोचते. आठ दिवसांची रजा टाकली आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, प्रशिक्षण अर्धवट सोडून कसं चालेल? मी म्हटलं, तसंही कोण शिकतंय. वर्ग उंच नर्सच्या स्वाधीन केलाय, ती माझ्याकडे बघतच राहिली.

मी काही सांगायला येत नाहीये. तू नको म्हणालीस तर तिला बघेन आणि परत जाईन.

मावशी

२८ मार्च

प्रिय मावशी,

सुखरूप पोचलीस ते कळलं. तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. सासूबाई अजून हसतात. म्हणतात, एवढी नावाजलेली सिस्टर येणार म्हणून मी खुर्ची पुसून ठेवली, तर या बाईंनी न्हाणीघरातली बादली आणली, पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

तुला सांगितलं नव्हतं, पण त्या वेळी मला तुझी भीती वाटत होती. पहिली चाळीस मिनिटं तू एक शब्द बोलली नाहीस. हात मांडीवर. मला वाटलं, रागावलीय. मग वाटलं, शब्द शोधतेय. मग मी तुझ्याकडे बघायचंच सोडलं आणि मला रडू यायला लागलं, तरी तू उठली नाहीस. सासूबाई दारात येऊन गेल्या, तुला चहा देऊन गेल्या, तो गार झाला. ठिपका चार वेळा ओढायची आणि सोडायची, परत चार वेळा.

मग तू अगदी हळू विचारलंस, "ही दोन बोटं इथे कशाला धरलीस?"

मी दोन बोटांनी तिच्या नाकाशी स्तन दाबून मागे धरत होते. कागद आला तेव्हापासून तेच करत होते, प्रत्येक वेळी, बोटं बधिर होईपर्यंत. तोंडात जेवढं गेलेलं असायचं तेवढं माझीच बोटं बाहेर ओढून काढत होती. मी भिंतीकडे नुसती मान केली. नाक मोकळं राहिलंच पाहिजे. दोनदा लिहिलेलं.

तू उठलीस, चष्मा लावलास आणि स्वतःचंच अक्षर वाचलंस. मावशी, मी तुला आई गेली तेव्हासुद्धा रडताना पाहिलेलं नाही. तू परत बादलीवर बसलीस, नाक ओढलंस आणि म्हणालीस, "बोटं काढ. तिचं बूड आपल्याकडे ओढून घे, नाक आपोआप सुटं होईल." आणि झालं. एवढंच होतं. दोन मिनिटांनी तो आवाज आला, घोटाचा. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं, म्हणून, कारण आपण दोघी एकदम हसलो होतो.

सगळं छान झालंय असं लिहिणार नाही. दूध कमी झालंय ते झालंय. अजून दोन वेळा बाहेरचं दूध द्यावं लागतं, डॉक्टरीणबाई म्हणतात कदाचित लागतच राहील. त्याचा मला रोज थोडा वेळ राग येतो, तुझा, माझा, त्या कार्डाचा. परवा वजन केलं. साडेतीन किलोला पन्नास ग्रॅम कमी. लंगोट सात, मोजून, सासूबाई साक्षीला आहेत.

तो कागद तू भिंतीवरून काढून नेलास, घडी घालून पर्समध्ये टाकलास. मी पाहिलं. का नेलास?

तुझी
भुंगा

४ एप्रिल

प्रिय भुंग्या,

कागद का नेला, ते सांगते.

परत आले तर वर्ग होता तसाच. उंच नर्सनं आठ दिवस फक्त बाहुलीचा सराव घेतला होता, वॉर्डात कुणी एकदाही बसलं नव्हतं. मी चिडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मग पर्स उघडली आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, त्यांचा शिक्का आणि माझा कागद. कागदाच्या मागच्या बाजूला शाई लागली होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही, माझी भाची एवढंच म्हटलं. माझी पत्रं मला पाठ होती, त्यातलं काय काय लिहिलं होतं ते म्हणून दाखवलं. तुझे आठ लंगोट सांगितले, मी ते वाचून किती खूश झाले तेही सांगितलं. शिक्क्याला नावं ठेवणारं आणि कार्डावरचं समाधानकारक वाचून सुखावणारं, दोन्ही एकाच पत्रात होतं, हे मी आत्ता बघतेय. मग कागद वाचला. "नाक मोकळं" म्हटलं तर अकरापैकी सात जणींनी मान डोलावली, बरोबरच आहे ना म्हणून. तेव्हा मी बाहुली घेतली आणि तू बोटं कशी धरायचीस ते करून दाखवलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता उंच नर्स बोलणार, एकतीस वर्षांची सिस्टर आणि घरच्या पोरीचं हे केलं, असं काहीतरी. बोलली ती. म्हणाली, "माझ्या पहिल्या वेळी याच वॉर्डात होते मी, सतरा नंबरच्या खाटेवर. सिस्टरनं दारातून विचारलं, पितंय ना? मी हो म्हटलं. मी स्वतः नर्स, नाही कसं म्हणणार? दहाव्या दिवशी बाटली लावली आणि आजपर्यंत घरी सांगते की मला दूधच नव्हतं." मग तिने रुमाल काढला आणि शेजारची तिच्याकडे न बघता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

त्यानंतर फार काही बदललंय असं समजू नकोस. बावीस बाळंतिणी आहेतच, ड्युटीवर दोघी आहेतच. अख्खं पाजणं रोज बावीस जणींचं बघणं कुणाच्या बापालाही शक्य नाही, हे मला आता मान्य आहे. एका ड्युटीत दोघींचं, एवढं ठरलं, आणि ज्यांची बाळं रडत नाहीत त्यांचं आधी. पाच मागितली होती त्यातली दोन स्टुलं आली, त्यातलं एक डुगडुगतं. मेट्रनबाईंची कुंडी जागच्या जागी आहे. शिक्का मी परत दिला नाही, पण नवीन करून घेतील, मला काही भरवसा नाही.

काल सकाळी वॉर्डात गेले तर उंच नर्स सतरा नंबरच्या खाटेपाशी होती. डुगडुगतं स्टूल टाकून बसलेली, गुडघे पार हनुवटीशी आलेले, हात मांडीवर. मला बघून तिने मान हलवली, आत्ता येऊ नका अशी. मी दारातूनच परतले.

आता तुझं. या वेळचं पत्र लिहायला बसले तेव्हा सवयीनं पाच सूचना सुचल्या आणि सहावी येत होती. सगळ्या खोडल्या. बाहेरच्या दुधाचं तू लिहिलंस त्यावर मला बोलायचं नाही, तुला राग येतो तो येऊ दे, माझा येतो तेव्हा मला लिही.

मी ओट्याजवळच्या पाटावर बसलेय, कागद गुडघ्यावर आहे. माझं अक्षर बघ, झुकलेलं नाही. तुझा दिवस कसा जातो ते सांग. सुरुवात कुठूनही कर, कितीही लांबव. मी उठत नाही.

तुझी
मावशी